आपली शिफारस आपण वाचायची नसते

बारकीला डॉक्टर होऊन महिना झाला होता आणि घरात कोणाच्याच घशाखाली घास उतरत नव्हता. घरात माणसं तशी दोनच, ती आणि बाबा. पण थोरली बहीण सासरहून फोनवर इतकी हजर असायची की तीन धरायला हरकत नाही. आता डॉक्टर म्हणजे इंजेक्शनवाली डॉक्टर नव्हे. बातमी पसरली तेव्हा गल्लीतले लोक आपापले गुडघे आणि पाठी घेऊन आले होते. बाबांनी त्यांना दारातच सांगितलं की आमची मुलगी माणसांची नाही, रबराची डॉक्टर आहे. त्यावर समोरचे आजोबा म्हणाले, मग माझ्या चपला तरी बघायला सांगा.

रबर म्हातारं कसं होतं, हा बारकीचा विषय. माणसासारखंच तेही ऊन, वारा आणि ताण सोसत कडक होत जातं, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि एक दिवस ते तुटतं. बाहेर हे व्हायला वर्षं लागतात. म्हणून प्रयोगशाळेत रबराच्या पट्ट्या गरम ओव्हनमध्ये टांगायच्या, हजार हजार तास तशाच ठेवायच्या आणि मग एकेक काढून मशीनवर तुटेपर्यंत ताणायची. तुटली की आकडा लिहायचा आणि दुसरी घ्यायची. सहा वर्षं तिने हेच केलं. बाबांचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. ते टायरला अंगठ्याचं नख लावून सांगायचे, हा अजून एक उन्हाळा काढेल. तेच सांगायला आमच्या बारकीला तीनशे पानं लागली, असं ते गिऱ्हाइकांना हसत हसत ऐकवायचे. पण ती तीनशे पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती.

घोडं अडलं होतं ते पुढे काय, इथे. टेबलावर दोन कागद होते. एक सरांचा. सर म्हणजे बारकीचे गाईड. त्यांनी खटपट करून प्रयोगशाळेत तिच्यासाठी दोन वर्षांची संशोधकाची जागा मिळवली होती. दोन वर्षांनंतर काय, ते कागदावर नव्हतं, आणि सरांना विचारलं तर ते "बघू" म्हणत. सरांच्या "बघू"च्या भरवशावर तिच्या आधीच्या दोघांचे केस पिकले होते. त्यात सर स्वतः वर्षाअखेरीला निवृत्त होणार, म्हणजे पुढचं बघणार कोण, हाही प्रश्नच होता. दुसरा कागद कंपनीचा. ही कंपनी रबरी पाइप आणि वॉशर बनवायची. तिथे तपासणी विभागात कायमची नोकरी होती, फक्त गाईडचा अभिप्राय आला की नेमणूक पक्की व्हायची होती. दोन्हीकडे पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

बारकीच्या हाताला सवय होती ती पट्ट्या ताणून बघायची. एक तुटली तर तिच्यावर विसंबायचं नाही, दहा तुटल्या की मग बोलायचं. आणि इथे आयुष्य एकच, तेही एकदाच ताणून बघायचं. एवढ्या कमी नमुन्यांवर निष्कर्ष कसा काढायचा, हे तिला खरोखरच कळत नव्हतं. थोरलीला मात्र सगळं कळत होतं. सोमवारी ती म्हणाली कंपनी, मंगळवारी म्हणाली प्रयोगशाळाच बरी, कारण तिच्या नणंदेच्या ओळखीत एक प्राध्यापक होते आणि त्यांना उन्हाळ्यात दोन महिने सुट्टी असायची. बाबा म्हणाले, तुला बरं वाटेल ते कर. हे सगळ्यात वाईट होतं. कोणी एकीकडे ओढलं असतं तर दुसरीकडे पळता तरी आलं असतं.

बाबांचे गुडघे गेले होते. पंक्चरचं काम उकिडवं बसून करायचं असतं, आणि गेली दोन वर्षं ते बुटक्या स्टुलावर बसून, वाकून करत होते. जुनी गिऱ्हाइकं चाक स्वतःच काढून त्यांच्या पुढ्यात आणून ठेवायची. त्यांनी एकदाही दुकान बंद करायचं नाव काढलं नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. वयाच्या तेहतिसाव्या वर्षीही आपण बापाच्या जिवावर पट्ट्या ताणतोय, हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही. पण ओव्हनचं दार उघडताना दर वेळी तिच्या मनात ते येऊन जायचं.

शुक्रवारी ती कंपनी बघून आली. तपासणीची खोली स्वच्छ, उजेडाची. प्रत्येक यंत्रावर चिठ्ठी होती, शेवटचं कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं. ती चिठ्ठी बघूनच तिचा अर्धा जीव तिथे गुंतला. विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या, पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तिला चहा दिला आणि रबराच्या एका चकतीवर तिचं मत विचारलं. तिने चकती वाकवून, नखाने दाबून, उजेडात धरून दहा मिनिटं मत दिलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे एवढ्या वेळात चाळीस होतात, पण शिकाल तुम्ही. साडेपाचला सगळे उठले, डबे उचलले आणि घरी गेले. कोणाच्या डोक्यात काही उरलेलं दिसलं नाही. बारकीला त्यांचा हेवा वाटला.

रविवारी दुपारी तिने बाबांना सांगितलं, कंपनी. बाबा "बरं" म्हणाले आणि उठून आत गेले. आतून बराच वेळ तांब्या-भांड्यांचा उगाच आवाज येत राहिला. ते खूश झाले होते, आणि ते तिला दिसू नये म्हणून आत गेले होते.

सोमवारी सकाळी ती सरांकडे गेली. सर म्हणजे उंचीने बेताचे आणि आवाजाने त्याहून बेताचे. चौतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर. खुर्चीच्या पायांना त्यांनी आपल्याच हाताने रबराचे तुकडे लावले होते आणि कोणत्या वर्षी लावले ते खाली पेनाने लिहिलं होतं. बारकीने एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, ठीक आहे, आपण कोणाच्या पोटावर पाय देऊ नये. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिने कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला. एकच पान होतं. वेळेवर येते का, मिळून-मिसळून राहते का, दिलेलं काम वेळेत पुरं करते का. प्रत्येकापुढे चौकोन, त्यात खूण करायची आणि खाली सही. सरांनी तो कागद दोन बोटांत धरून वाचला. चौतीस वर्षांत ते इतके दुखावलेले कोणी पाहिले नव्हते.

"हे काय? ही काय शाळेतली हजेरी आहे? सहा वर्षांच्या कामावर मी खुणा करू?"

"सर, त्यांना एवढंच पुरे आहे."

"त्यांना पुरे असेल. मला पुरे नाही. मी पत्र लिहिणार."

तिने फार अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिला आतून बरंच वाटलं. सर पत्र लिहिणार म्हणजे काय असतं, हे त्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. लोक त्यांच्या पत्रासाठी वर्षवर्ष थांबत आणि बहुतेकांना चार ओळी मिळत. तिने कंपनीतल्या बाईंना फोन करून आठवडाभर मुदत मागून घेतली. बाई म्हणाल्या, फॉर्मवर खुणा करून पाठवला तरी चालेल हो. ती म्हणाली, आमचे सर पत्र लिहिताहेत. हे सांगताना तिचा आवाज जरा चढलाच होता.

सर पाच दिवस लिहीत होते. हाताने लिहायचे, खोडायचे, मग एका बोटाने टाइप करायचे. दार लोटलेलं असायचं. शुक्रवारी त्यांनी तिला बोलावलं आणि पाकीट पुढे केलं, अजून न चिकटवलेलं. वाचतेस का, म्हणून विचारलं. तिचे हात आपसूक मागे गेले. शिफारसपत्र बंद जातं, आणि ज्याचं असतं त्याने ते बघायचं नसतं, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बघितलं तर लिहिणारा मोकळेपणाने लिहीत नाही आणि वाचणारा विश्वास ठेवत नाही. म्हणून कोणी बघत नाही. बघायची संधी मिळाली तर मान वळवतात. तिने मान वळवली.

"नको सर. आपलं आपण वाचायचं नसतं."

सरांना ते इतकं आवडलं की त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पाकीट चिकटवलं, झाकणीवर आडवी सही ठोकली आणि तिच्या हातात दिलं. त्याच टेबलावर, त्याच पेनाने तिने दोन वर्षांची जागा नको असल्याचं लिहून दिलं. ती जागा मंगळवारच्या आत भरली नाही तर रद्दच होणार होती, म्हणून सरांनी ती लंबूला दिली. लंबू म्हणजे तिच्यामागून तीन वर्षांनी आलेला मुलगा, ओव्हनच्या वरच्या कप्प्यात खुर्चीशिवाय हात पोचणारा एकटाच. तो आनंदाने रडायचाच बाकी होता. सोमवारी त्याने तिच्या टेबलावर आपली पाण्याची बाटली ठेवली, मग ओशाळून उचलली. तिने ती परत जागेवर ठेवली आणि आपल्या वह्या पिशवीत भरल्या.

त्यानंतर कंपनीकडून काही आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. बाबांनी दुकानात दोघा-तिघांना सांगूनही टाकलं होतं, आणि रोज तिच्याकडे न बघता विचारायचे, आज टपाल आलं होतं का गं? थोरलीने तर कंपनीत जाताना काय घालायचं त्याच्यावर दोन फोन खर्ची घातले. तिसऱ्या आठवड्यात बारकीचा धीर सुटला. ती उठली आणि सरळ कंपनीत जाऊन बसली.

बाईंनी तिला बाहेर ताटकळत ठेवलं नाही. आत घेतलं, दार लावलं, चहा सांगितला. चहा सांगितला तेव्हाच बारकीला कळलं. नोकरी देणारा माणूस आधी नोकरी देतो, चहा मागून येतो.

"जागा भरली आम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळवायला हवं होतं. मलाच कसं कळवावं ते समजेना."

बारकीने विचारलं, माझं काय चुकलं? मग त्यांनी कपाटातून फाइल काढली, तिच्यातलं पत्र काढलं. दोन पानं होती, दोन्ही बाजूंनी भरलेली. त्यांनी चष्मा लावला आणि मधून मधून वाचून दाखवू लागल्या, दुसऱ्याच कोणाची तरी चुगली करावी तशा हळू आवाजात. 'ही मुलगी प्रश्न अर्धवट सोडत नाही. सर्वांचं समाधान झालं तरी तिचं होत नाही.' 'ओव्हनच्या तापमानात दोन अंशांचा फरक पडत होता हे लक्षात आल्यावर, कोणीही सांगितलेलं नसताना, तिने स्वतःची आठ महिन्यांची निरीक्षणं रद्द केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.' 'घाईने काढलेल्या निष्कर्षावर ती सही करणार नाही, तुम्ही कितीही आग्रह करा.' आणि शेवटी, 'तिची खरी जागा संशोधनात आहे. आज ना उद्या ती परत येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तोवर ती तुमच्याकडे असणं हा तुमचा सन्मान समजावा.'



"आमचे मोठे साहेब वाचून गप्पच झाले," बाई म्हणाल्या. "म्हणाले, इतकी मोठी बाई इथे काय करणार? आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी ट्रक भरायचा असतो. माल पास की नापास, एवढंच सांगायचं असतं, तेही त्याच्या आधी. आठ महिन्यांचं रद्द केलं हे वाचून तर त्यांनी कपाळाला हात लावला." मग त्यांनी चष्मा काढला. "मला एक सांगा. हे पत्र तुम्ही स्वतः आणून दिलंत. वाचलं नव्हतंत?"

"आपलं आपण वाचायचं नसतं," बारकी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की बारकीला आपल्या कपड्यांना काही लागलंय का असं वाटलं. त्या चांगल्या होत्या. खुणा केलेला फॉर्म आला असता तर पहिल्याच दिवशी घेतलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. न सांगत्या तर बरं झालं असतं.

तिथून ती प्रयोगशाळेत गेली. दुसरं कुठे जाणार? ओव्हनपाशी लंबू उभा होता. तिची पद्धत, तिच्याच वहीतल्यासारखे रकाने, फक्त अक्षर वेगळं. त्याने तिला बघून जागा करून दिली आणि वरच्या कप्प्यात तापमान कमी पडतं का म्हणून विचारलं. तिने दार उघडलं, हात आत धरला आणि सांगितलं, उजव्या कोपऱ्यात कमी पडतं, तिथे टांगू नकोस. पुढचा अर्धा तास दोघं कोपरा न् कोपरा तपासत बसली. त्या अर्ध्या तासात तिला कंपनी, बाई, चहा, कशाचीही आठवण झाली नाही. आठवण झाली तेव्हा तिने ओव्हनचं दार लावलं आणि ती सरांच्या खोलीकडे वळली.

सर खोलीत होते. बघताच म्हणाले, ये, रुजू कधी होतेस? ती काय सांगायचं ते ठरवून आली होती. पण सरांनी टेबलाच्या खणातून त्या पत्राची प्रत काढली. त्यांनी ती ठेवून घेतली होती. "चौतीस वर्षांत असं पत्र मी लिहिलं नाही," ते म्हणाले. "लिहावंसं वाटेल असं कोणी भेटलंच नाही." मग ते खिडकीकडे बघत राहिले. अशा माणसाला काय सांगणार? की तुम्ही जीव ओतलात तिथेच माझा जीव गेला?

"त्यांनी जागा भरली, सर," ती एवढंच म्हणाली.

सर लाल झाले. आपला आवाज वर चढतो हे त्यांनाही त्या दिवशी कळलं असेल. त्यांना पारखच नाही, ते म्हणाले. असं पत्र वाचूनही कळत नसेल तर तिथे न गेलीस तेच बरं. लंबूच्या जागेचं त्यांना आठवलं, आणि ते मध्येच गप्प झाले. ती आता हलवता येणार नव्हती. वरून मंजुरी आली होती, लंबूची सही झाली होती, आणि पुढच्या वर्षी खुद्द सरच नसणार होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

तिने सांगितलं की अजून एक कारखाना आहे. बाबांच्या दुकानात पंक्चरचे पॅच आणि ते चिकटवायचं रबराचं सोल्युशन तिथूनच यायचं. तिथल्या तपासणीत माणूस हवा आहे असं माल आणणाऱ्या गाडीवाल्याने बाबांना सांगितलं होतं. कंपनीचं उत्तर येईना तेव्हा गेल्याच आठवड्यात अर्ज दिलाय, त्यांनाही गाईडचं पत्र हवंय.

"तेच देतो," सर म्हणाले. एकदम हुरूप आला त्यांना. "एक शब्द बदलायची गरज नाही. वरचं नाव तेवढं बदलतो."

"सर, थोडं लहान केलं तर..."

"लहान? अगं, लहान करूनच तर दोन पानांत बसवलंय."

सगळं सांगायचं तर त्यांना त्या बाईंच्या तोंडून आलेलं एकेक वाक्य सांगावं लागलं असतं, आणि ती वाक्यं त्यांनी पाच दिवस दार लोटून लिहिली होती. तिने कारखान्याचं नाव तेवढं सांगितलं. सरांनी एका बोटाने नाव बदललं, छापलं, सही केली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून खाली हाताने दोन ओळी लिहिल्या, घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि झाकणीवर सही ठोकली. या वेळी वाचतेस का म्हणून विचारलंही नाही. तिच्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

ती बाबांच्या दुकानात आली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. बाबा स्टुलावर बसून एक ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होते. कंपनीने जागा भरल्याचं तिने उभ्याउभ्याच सांगितलं, ते टबातून मान न उचलता "असू दे" म्हणाले, आणि ती पलीकडच्या टायरवर बसली. पाकीट मांडीवर होतं. तिने ते उघडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने न करायची गोष्ट केली, आणि तीही काही उपयोग नसताना.

ती वाचत गेली. बाईंनी तुकडे वाचले होते, आता सगळं सलग होतं. तिने पहिल्या वर्षी केलेली चूक सरांना आठवत होती. ती सुधारायला ती कोणत्या महिन्यात परत आली तेही आठवत होतं. पट्टी तुटताना ती डोळे मिटत नाही, तुटायच्या आधीच्या क्षणाकडे बघते, हे त्यांनी लिहिलं होतं. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. एकही शब्द फुगवलेला नव्हता. दोन्ही पानं वाचून झाल्यावर तिला स्वच्छ दिसलं, की कंपनीचं काहीच चुकलं नव्हतं. पत्रातली ही बाई ट्रक भरू देणार नाही. या बाईने ओव्हनपाशी असायला हवं होतं, आणि तिथे आता लंबू होता. महिनाभर जे ठरत नव्हतं ते ठरलं होतं, तिने आपल्या हाताने दुसरीकडे सही करून दिल्यावर. खाली सरांच्या अक्षरात होतं, 'हे पत्र मी दुसऱ्यांदा देत आहे. पहिल्यांदा ते ज्यांच्या हाती पडलं त्यांना माणसाची पारख नव्हती. आपल्याला असेल अशी आशा आहे.' तिला हसू आलं आणि रडू आलं, आणि त्यातलं कुठलं आधी हे तिलाही सांगता आलं नसतं.

"काय आहे ते?" बाबांनी विचारलं.

"सरांनी माझ्याबद्दल लिहिलंय, कारखान्यासाठी."

"वाच की मोठ्याने."

तिने वाचलं. बाबांनी ट्यूब बाजूला ठेवली, हात पुसले आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ऐकत बसले. शाळेतल्या बक्षीस समारंभाला असेच बसायचे. आठ महिन्यांची निरीक्षणं रद्द केली, तिथे त्यांनी हात वर केला.

"थांब. तू तर म्हणाली होतीस ओव्हन बिघडलाय, म्हणून उशीर होतोय."

"दोन अंशांनीच बिघडला होता. चालवून घेता आलं असतं. सगळे घेतात."

बाबा टबातल्या पाण्याकडे बघत राहिले. ते आठ महिने त्यांच्या चांगलेच ध्यानात होते. त्याच हिवाळ्यात त्यांचा डावा गुडघा गेला होता. बारकीला वाटलं, आता काहीतरी बोलतील, आणि बोलले तर चालेल, बोलावंच.

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "चुकीचं कशाला ठेवायचं? पुढे वाच."

तिने कसंबसं संपवलं. सरांच्या हातच्या दोन ओळींवर तर बाबांनी मांडीवर थाप मारली. माणूस खमक्या दिसतो, म्हणाले. मग त्यांनी पत्र मागून घेतलं, तिने घातली होती तशीच घडी घातली, पाकिटात सरकवलं आणि झाकणीला आतून सोल्युशनचं बोट फिरवलं. एवढ्या वर्षांचा हात तो. अंगठ्याने एकदा दाबलं आणि पाकीट कधी उघडलं होतं हे सरांनाही कळलं नसतं. रस्त्यावर हॉर्न वाजला. कारखान्याची गाडी गुरुवारी याच वेळी पॅच टाकायला यायची.

"बाबा, ते राहू दे," ती म्हणाली. "मी दुसरं काहीतरी बघते."

"का? यात खोटं आहे का काही?"

तिने सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होती? की खरं आहे म्हणूनच नको? बाबा मान तिरकी करून वाट बघत होते, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"नाही," ती म्हणाली. "सगळं खरं आहे."

"मग झालं तर."

बाबा स्टुलाला धरून उठले, एक एक गुडघा सरळ केला आणि पाकीट घेऊन गाडीकडे गेले. गाडीवाल्याला त्यांनी बजावून सांगितलं की हे थेट मोठ्या साहेबांच्याच हातात दे, मधल्या कोणाच्या नको, आणि त्यांना म्हणावं, सगळं वाचा, शेवटपर्यंत.